वजन बरोबर, पण पोट सुटलेलं : लठ्ठपणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात शुगर किंवा बीपी दाखवायला आलेल्या माणसांशी बोलता बोलता हे प्रश्न निघतात. ‘लठ्ठ’ हा शब्द स्वतःसाठी सहसा कुणी वापरत नाही. ‘जरा पोट आलंय’, ‘अंग सुटलंय’, ‘बाळंतपणानंतर भरलेय’ अशीच सुरुवात होते. म्हणून प्रश्न इथे त्याच भाषेत ठेवले आहेत.

माझं वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे. हातपाय बारीक आहेत, फक्त पोट पुढे आलंय. याला लठ्ठपणा म्हणायचं का?

बहुतेक वेळा होय. आणि आपल्याकडचा लठ्ठपणा अनेकदा असाच दिसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता. त्यात ते स्वतः आहेत आणि शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी एकच, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबात दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! तोच बीएमआय, पण एकाच्या अंगात स्नायू आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी. दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरं एकच, म्हणून हा किस्सा ‘वाय-वाय’ या नावाने जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. स्वतःचंच पोट पुराव्यादाखल पुढे करणारा डॉक्टर विरळाच.

तेव्हा ‘माझं वजन तर पासष्टच आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. पासष्ट किलोत काय काय आहे, ते बघायला हवं.

मग बीएमआय बघायचाच नाही का?

बघायचा, पण आपल्या मापाने. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या आदोल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाचं. त्याला लोकसंख्येतला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणाचा आजार ओळखायचा नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं थेट १९७२ मध्ये.

जगभर २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. भारतीयांना मधुमेह आणि हृदयविकार त्याआधीच गाठतात, म्हणून २००९ मध्ये आपल्या तज्ज्ञांनी हे आकडे २३ आणि २५ वर आणले. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचं वजन ६३ किलोपर्यंत गेलं की तो २३ ला टेकतो. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. ‘त्रेसष्ट म्हणजे मी वाळलेला दिसेन!’

कंबर कुठे मोजायची? माझी पँट ३४ ची आहे.

पँटचा नंबर विसरा. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, त्यामुळे वीस वर्षं नंबर तोच राहतो आणि पोट वरून ओसंडत जातं.

शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड हाताने चाचपा. त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये उघड्या अंगावर टेप गुंडाळा. श्वास सहज सोडा आणि मग आकडा वाचा. पोट आत ओढू नका, इथे कुणी बघत नाही. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. त्याहून सोपं हवं असेल तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा.

२०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच देशभर घेर मोजले गेले. बीएमआयने पाहिलं तर साधारण २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. घेराने पाहिलं तर तोच आकडा ४० टक्के झाला. टेप आणि काटा यांच्यातला हा फरक म्हणजेच या पानाचा विषय.

आपल्याकडेच असं पोट का सुटतं?

याचं एक उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडलं. १९९३ पासून तिथल्या गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली गेली. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्या आत-बाहेर, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं लहान होती यात नवल नव्हतं. नवल हे होतं की त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव पुष्कळच लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे बाळ हडकुळं, पण चरबीत फारशी काटकसर नाही. ‘थिन-फॅट’ हा शब्द तिथून आला.

पोटात असताना पोषण कमी पडलं की शरीर स्नायूंवरचा खर्च आधी कापतं, असा याचा अर्थ लावला जातो. पुढे हेच मूल शहरात आलं, खुर्चीवर बसलं आणि दोन वेळा पोटभर जेवायला लागलं की वाढीव ऊर्जा ठेवायला त्याच्याकडे पुरेसे स्नायू नसतात. कातडीखालच्या चरबीची जागाही लवकर भरते. कपाट भरलं की सामान पलंगाखाली सरकवतात तसं मग ही चरबी आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात जाऊन बसते. आजोबा दुष्काळात वाढलेले आणि नातू आयटी कंपनीत, असं घर महाराष्ट्रात शोधायला लांब जावं लागत नाही.

मी खरंच फार खात नाही. मग वजन वाढतं कशाने?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणारा खोटं बोलत नसतो. जेवण मोजलं जातं, बाकीचं मोजलं जात नाही एवढंच.

आधी तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३८ ग्रॅमच्या आसपास तेल येतं. म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. बाहेरचा वडा, भजी, फरसाण यात धरलेलं नाही. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम पुरे. फोडणीत तेल ‘अंदाजाने’ ओततात, आणि हा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या वरच्या बाजूला चुकत आलाय. बरणीत महिन्याचं तेल एकदाच मोजून भरून ठेवलं तर निम्मी भांडणं मिटतात.

मग चहा. पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर. चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, तीही दिवसभराची सगळी मिळून. शिवाय चहाबरोबर खारी, बटर, बिस्किट. चहा कधी एकटा येत नाही.

तिसरी गोष्ट बायकांच्या बाबतीत जास्त दिसते. ‘खाऊन माजावं पण टाकून माजू नये’ हे वाक्य ऐकत वाढलेली बाई मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्यातला चार घास भात, कढईतली भाजी संपवते आणि मगच भांडी घासायला टाकते. ते ‘खाल्लं’ असं तिला वाटतच नाही. विचारलं तर ती प्रामाणिकपणे सांगते, दोनच पोळ्या.

आणि शेवटी हालचाल. विहिरीचं पाणी, जातं, वरवंटा, सायकल हे सगळं गेलं. ते जाणं चांगलंच झालं, कुणी परत जात्यावर बसा म्हणणार नाही. पण त्या वेळचं जेवण मात्र तसंच राहिलं. अर्धा तास चाललं तर सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणून ‘रोज टेकडीवर जातो’ म्हणणारे आणि उतरल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर थांबणारे हिशेबात मार खातात.

मी आठवड्यातून दोन उपवास करते, तरी?

एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यावर दाण्याचं कूट, तूप, बटाटा. एका बशीभर खिचडीच्या कॅलरी साडेचारशेच्या घरात जातात, मग दुपारी वेफर्स आणि संध्याकाळी राजगिऱ्याची वडी असतेच. उपवास श्रद्धेने करा, वजनासाठी करत असाल तर ताक, फळ आणि भगरीवर भागवा.

भात सोडला की वजन उतरतं म्हणतात.

भात सोडून पोळ्या वाढवल्या तर काही होत नाही. भात दोषी नाही, ढीग दोषी आहे. ताटात वरण, उसळ, अंडं, मासा यांचा वाटा वाढला आणि भाताचा कमी झाला तर भूक टिकते आणि स्नायूही टिकतात. कोकण-गोव्यातल्या माणसाला भात सोडायला सांगणारा आहारतज्ज्ञ पुढच्या वेळी त्याला दिसत नाही.

आमच्या घरात सगळेच जाड आहेत. हे रक्तातच असेल तर प्रयत्न कशाला?

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की वजनातल्या फरकाचा निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो. २००७ मध्ये एफटीओ नावाच्या जनुकाचा संबंध सापडला, त्यानंतर असे शेकडो जनुकीय फरक सापडले. त्यातले बरेचसे मेंदूत भुकेवर काम करतात. याचा अर्थ असा की एकाच पंगतीत बसलेल्या दोघांना जिलबी सारख्याच ताकदीने खुणावत नाही. ज्याला खुणावत नाही त्याने दुसऱ्याला संयमावर प्रवचन देऊ नये.

पण रक्तात कल असतो, वजन नसतं. शिवाय घरात सगळे जाड असतात तेव्हा घरातलं तेल आणि टीव्हीसमोरची बैठकही सामाईक असते.

थायरॉइडमुळेच माझं वजन वाढलंय ना?

थायरॉइड कमी पडल्याने वजन वाढतं, पण बहुधा दोन-चार किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी. गोळी सुरू होऊन टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) ताळ्यावर आल्यावरही वीस किलो जास्तच असतील, तर त्या वीस किलोंचं खापर थायरॉइडवर फोडता येणार नाही. तपासणी मात्र जरूर करा.

दुसऱ्या औषधांनी वजन वाढतं का?

वाढतं. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन. स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारलंत तर पर्याय असू शकतो.

बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरलंच नाही.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपात भिजलेला शिरा, सव्वा महिना पलंग. ही रीत बनली तेव्हा बाळंतीण अशक्त असायची आणि उठली की थेट शेतात जायची. आज ती आधीच पंधरा किलो वाढवून आलेली असते. अंगावर पाजताना दिवसाला चारपाचशे कॅलरी जास्त लागतात हे खरं, पण दोन लाडवांतच तेवढ्या होतात. सासूबाईंचा आणि आईचा प्रेमळ आग्रह मोडवत नसेल तर लाडू लिंबाएवढा वळायला सांगा. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि मांड्या-नितंबांवरची चरबी पोटाकडे सरकते, तेव्हा घेर पुन्हा मोजा.

झोपेचा यात काय संबंध?

झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. रात्रपाळीचे कामगार, परिचारिका, कॉल सेंटरमधली मुलं हे अंगावर अनुभवतात. पहाटे तीन वाजता कुणाला कोशिंबीर खावीशी वाटत नाही.

पोटावरची चरबी नेमकं काय बिघडवते? ती तर नुसती पडून असते.

ती पडून नसते, हाच तर घोटाळा आहे. चरबीची पेशी ही नुसती कोठी नाही, ती हॉर्मोन सोडणारी ग्रंथी आहे. १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागला तेव्हा हे पक्कं झालं.

कातडीखालची, चिमटीत पकडता येणारी चरबी तुलनेने निरुपद्रवी. आतड्यांभोवतीची चरबी मात्र सतत विरघळून फॅटी अ‍ॅसिड सोडत असते, आणि तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं. यकृत त्या माऱ्याने तुपकट होतं. दारूचा थेंबही न घेणाऱ्या बाईच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते यामुळे. लोक तो रिपोर्ट ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाइलला लावतात. त्यांतल्या काहींचं यकृत पुढे सुजतं, निबर होतं आणि थोड्यांना सिरॉसिसपर्यंत नेतं.

तुपकट यकृत साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. काही वर्षं साखर नॉर्मल दिसते, कारण पडद्यामागे दुप्पट काम चाललेलं असतं. स्वादुपिंड थकलं की मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत, आणि ३९.५ टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर आहे. दोन्ही आकडे एकाच पाहणीत आले, हा योगायोग नाही.

त्याच वाटेवर रक्तदाब वाढतो, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि रक्तवाहिन्यांत सूज धुमसत राहते. हार्ट अटॅक या सगळ्याच्या शेवटी येतो, पण घरच्यांना वाटतं, ‘अचानक’ आला.

हे घोरतात फार. तेही वजनामुळेच?

घोरणं मधेच थांबतं, काही सेकंद शांतता, मग दचकल्यासारखा मोठा श्वास, असं असेल तर ते स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं. गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वासनलिका मिटते. असा माणूस आठ तास झोपूनही दुपारी पेंगतो. तो गाडी चालवत असेल तर प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. हे रुग्णाला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला कळतं. तेव्हा तपासणीला दोघंही या.

कॅन्सरशीही संबंध आहे का?

आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कॅन्सरशी लठ्ठपणाचा संबंध मान्य केला. त्यात पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर येतो.

गुडघ्यांचं काय? आणि पाळी अनियमित आहे त्या मुलींचं?

एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. पाच किलो उतरवलेल्या मावशी जिना चढून सांगायला येतात, त्यामागे हा गुणाकार असतो. पीसीओडी या पाळी बिघडवणाऱ्या अंडाशयाच्या विकारात वजन आणि इन्सुलिन एकमेकांना ढकलत राहतात. वजन थोडं उतरलं तरी बऱ्याच मुलींची पाळी मार्गावर येते. ‘लग्न झालं की ठीक होईल’ हा त्यावरचा उपचार नव्हे.

आमचा नातू छान गुटगुटीत आहे. मुलांचं वजन कशाला बघायचं?

गुटगुटीत बाळांना बक्षीस देणाऱ्या स्पर्धा आपण वर्षानुवर्षं भरवल्या, कारण कुपोषण डोळ्यांसमोर होतं. ते अजूनही आहे. पण त्याच जिल्ह्यात, कधी त्याच शाळेत, दुसऱ्या टोकाची मुलं वाढताहेत. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण दोन राष्ट्रीय सर्वेक्षणांच्या मधल्या काळात २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. बाळाचं बाळसं चालायला लागल्यावर ओसरायला हवं. सात-आठ वर्षांच्या मुलाचं पोट पुढे आलेलं असेल तर ते ‘खात्यापित्या घरचं’ लक्षण मानू नका. मुलांना डाएटवर ठेवायचं नसतं; घरात कोल्ड्रिंकची बाटली आणायची नसते. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते.

आणि ‘जाड्या’, ‘मोटू’ म्हणणं बंद करा, लाडानेसुद्धा. टोमण्यांनी कुणी बारीक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. लपून खायला लागलेली मुलं मात्र पाहिलीत.

किती उतरवलं तर फरक पडतो? वीस किलो तर शक्यच नाही.

वीस नकोतच. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या अमेरिकनांनी ७ टक्के वजनाचं लक्ष्य ठेवून आहार आणि चालणं बदललं, तेव्हा तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ऐंशी किलोच्या माणसाचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो.

मला त्याहून चेन्नईचा अभ्यास जवळचा वाटतो. २००६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात आहार आणि हालचाल बदललेल्या लोकांचं वजन जवळजवळ होतं तेवढंच राहिलं, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. काटा हलला नाही, आत काहीतरी हललं. म्हणून काट्यावर रुसून चालणं सोडणाऱ्यांना मी टेप दाखवतो.

वजन उतरताना शरीर भूक वाढवतं आणि खर्च कमी करतं, जुन्या सावकारासारखं. तीन महिन्यांनी आकडा अडतो तो त्यामुळे, तुम्ही ढिले पडलात म्हणूनच असं नाही. जोर-बैठका, सूर्यनमस्कार, वजन उचलणं, काहीही चालेल, पण स्नायू वाढवणारं काहीतरी हवं. आपल्याकडे कमतरता त्यांचीच आहे.

वजन उतरवणारी ती नवी इंजेक्शनं घ्यावी का?

टिर्झेपटाइडचं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. आतड्यातल्या हॉर्मोनची नक्कल करून ती भूक शमवतात. सव्वा-दीड वर्षांत १५ ते २० टक्के वजन उतरतं, आणि हे खरंच मोठं आहे. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाची सूज क्वचित. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत येतं, असं सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात दिसलं. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, तेव्हा मुळात स्नायू कमी असलेल्या माणसाने प्रथिनं आणि व्यायाम यांच्याशिवाय ती घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. लग्नाआधी तीन महिन्यांत बारीक व्हायचंय म्हणून ती घेऊ नयेत.

पोटाचा पट्टा, चूर्ण, मधपाणी?

पट्ट्याने घाम जातो, चरबी नाही. चूर्णाने जुलाब होऊन काटा दोन दिवस खूश होतो. मधपाण्यात मध असतो, म्हणजे साखर.

मुलीची मान मागून काळी पडली आहे. कितीही घासली तरी जात नाही.

घासू नका. लिंबू, बेसन, दगड, काहीच नको. तो मळ नाही. मानेवर आणि काखेत असा मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसतो तेव्हा बहुतेकदा रक्तात इन्सुलिन फार वाढलेलं असतं. शुगर बिघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी शरीराने दिलेली ही खूण असू शकते. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या, घेर मोजा, पाळीबद्दल विचारा. बाकीचं ताळ्यावर येत गेलं की काही महिन्यांत तो पट्टा आपोआप फिका होतो.